जाळं त्याचं, पाटी तिची : कोल्हापूरच्या मच्छीमार घरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या भोई घरातली. वडील जाळं टाकायचे, आई मासे विकायची. आता मी बचत गटांचे हिशेब लिहिते आणि बायकांचे योजनांचे अर्ज भरून देते. कॉलेजची पोरं प्रकल्पासाठी येतात, तीही हेच प्रश्न विचारतात आणि बाजारातली गिऱ्हाइकंही. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

कोल्हापूरला समुद्र नाही. मग इथं मच्छीमार कुठले?

समुद्र घाटाखाली, पण पाणी आमच्याकडेही काही कमी नाही. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या प्रयाग चिखलीजवळ मिळून पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. शिवाय वारणा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आहेतच. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव ही धरणं आणि जागोजागचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बंधाऱ्यामागं पाणी थांबलं की तिथं जाळी लागतात.

मासा म्हणाल तर कटला, रोहू, मृगळ, चिलापी, मरळ, वाम, शिंगटी. यातल्या कटला, रोहू, मृगळ यांची पैदास धरणाच्या थांबलेल्या पाण्यात आपोआप होत नाही, त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. हा खर्च लक्षात ठेवा, पुढं मच्छीमारांच्या सहकारी संस्थेची गोष्ट त्यावरच फिरते. चिलापीला असलं काही लागत नाही. तिची मादी अंडी तोंडात धरून राखते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. आमच्या गल्लीत एखादी बाई पोरांना घालून स्वतः राहिली की तिला 'चिलापी' म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे का चेष्टेनं, ते बोलणाऱ्यावर अवलंबून.

होडी असते का?

क्वचित. ट्रकची हवा भरलेली ट्यूब, थर्माकोलचा तराफा, कुठं गुऱ्हाळातली जुनी काहील, म्हणजे गुळाची मोठी कढई. आमच्या वडिलांनी जन्मभर ट्यूबवर बसून जाळं टाकलं.

घरात कोण काय करतं?

शाळेतल्या पुस्तकाच्या भाषेत उत्तर सोपं आहे : पुरुष मासे धरतात, बायका विकतात. घरात तेवढं सोपं नसतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला वडील जाळं लावायला जात. पहाटे चारला उचलायला जात. म्हणजे आई साडेतीनला उठायची, कारण त्यांना चहा हवा आणि कंदिलात तेल हवं. पुढं कंदील जाऊन बॅटरी आली, तशी बॅटरी चार्ज करून ठेवायचं काम आलं. साडेपाचला ओलं जाळं अंगणात पडायचं. त्यातून मासा सोडवणं हे तासा-दीड तासाचं काम, आणि ते आई, मी आणि धाकटी बहीण करायचो. मासा कल्ल्यांनी अडकलेला असतो. ओढला तर जाळं फाटतं आणि मासाही फाटतो. मागं ढकलून, फास बोटानं सैल करून काढायचा. चिलापीच्या पाठीचे काटे तळहातात घुसतात आणि शिंगटीचा काटा लागला तर दिवसभर ठणकतं. त्यावर हळद दाबून धरायची आणि कामाला लागायचं.

मग मोठा मासा वेगळा, बारका वेगळा, मेलेला-मऊ पडलेला घरच्या कालवणाला. पाटीत खाली केळीचं पान किंवा ओलं पोतं, वर बर्फ. सातला आई रस्त्यावर. वडील तेव्हा झोपायचे, आणि झोपायलाच हवं होतं, संध्याकाळी आणि परत पहाटे पाण्यात होते. त्यांना मी आळशी म्हणत नाही. पण ते दुपारी उठून जाळं सांधायला बसले की गावातली माणसं म्हणायची, 'आण्णा लई कष्टाळू.' सकाळी त्याच जाळ्याला पडलेली चार भोकं आईनं मासा सोडवता सोडवता सांधलेली असायची, ती कुणी मोजत नव्हतं. तीही नाही. तिला विचारलं 'तू काय काम करतीस?' तर म्हणायची, 'मी कुठं काय, घरीच असतो की.'

हो, 'असतो'. कोल्हापूरकडची बाई 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते. बाहेरगावच्या लोकांना ते गमतीचं वाटतं. मी लिहिताना 'गेले' लिहिते, आईसमोर 'गेलो'च म्हणते. क्रियापद बरोबरीचं मिळालं, बाकीचं यायचंय.

बायका पाण्यात उतरतच नाहीत का?

उतरतात, पण त्याला मासेमारी म्हणत नाहीत. ओढ्यात जुन्या लुगड्याचा पदर दोघींनी दोन टोकांना धरून बारके मासे गाळायचे. दगडाखालून खेकडे काढायचे. उन्हाळ्यात डबकं आटलं की हातानं चाचपून मासा धरायचा. हा मासा सहसा विकला जात नाही, पोरांच्या ताटात जातो, म्हणून तो कुठल्याच वहीत चढत नाही. पाऊस लागल्यावर नव्या पाण्याबरोबर चढणीचे मासे ओढ्या-वाफ्यांत येतात, तेव्हा तर अख्खं घर पाण्यात असतं. (चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो. तो धरला की पुढच्या वर्षीचा मासा धरला. हे आमच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं आणि तरी ते खात होते, मीही खाल्लाय.)

वडील तापानं पडले तेव्हा आठवडाभर आईनं ट्यूबवर बसून जाळं लावलं. गावात त्याची चर्चा 'बिचारीवर वेळ आली' अशी झाली. काम जमलं का, हे कुणी विचारलं नाही. जमलं होतं.

आणि एक. आमच्या घरी पाळीच्या दिवसांत जाळ्याला शिवायचं नाही असा नियम होता. पण ज्या दिवशी जाळं भरून यायचं आणि सोडवायला हात कमी पडायचे, त्या दिवशी आजी नियमाबद्दल गप्प बसायची.

विकायला बाईच का बसते?

याला तीन-चार कारणं सांगतात. पुरुष झोपलेला असतो, हे खरं. विकत घेणारी बरीचशी बाई असते, तेही खरं. पण मला वाटतं खरं कारण भाव करण्यात आहे. मासा हा तासागणिक किंमत उतरणारा माल. अकराला दीडशे म्हणणारी बाई दीडला शंभरावर येते, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला किती वाजता उतरायचं हे तिला कळतं. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा पगार झाला, कोण उधारी बुडवणार, हे सगळं तिच्या डोक्यात. माझ्या वडिलांना एकदा बसवलं होतं. अर्ध्या तासात पहिल्या माणसानं सांगितलेल्या भावाला पाटी रिकामी करून आले. आई त्यावर बोलली नाही, पण पुन्हा बसवलंही नाही.

बाजारवाल्या बाईबद्दल गावात दोन बोल असतातच : मोठ्यानं बोलते, पुरुषांत बसते. ज्या घरांना जरा बरे दिवस येतात ती घरं पहिली गोष्ट कोणती करतात, तर सुनेला पाटीवरून उठवतात. प्रतिष्ठा वाढते. तिच्या कमरेची चंची मात्र रिकामी होते.

मासा कापून, साफ करून द्यायचे पैसे वेगळे घ्यावेत का?

दुकानात पोरगा सुरा घेऊन उभा असतो, किलोमागं साफ करायचे वेगळे घेतो आणि कुणी चूं करत नाही. माझी आई पोत्यावर बसून, विळी पायाखाली धरून, राख लावून खवले काढायची, पोट फोडायची, तुकडे करायची, डोकं वेगळं बांधून द्यायची. एका कटल्याला दहा मिनिटं. खवले लुगड्याला चिकटून वाळायचे आणि संध्याकाळी ती घरी आली की अंग चमकायचं. हे सगळं भावातच. एकदा तिनं कापायचे दहा रुपये मागितले तर बाई म्हणाली, 'मावशी, एवढ्यासाठी पैसे?' आणि उठून गेली.

घ्यावेत. माझं उत्तर हेच.

पैसा शेवटी कुणाच्या हातात राहतो?

मासा कुणी विकला त्यावर. हिशेब मांडून दाखवते, आकडे समजुतीसाठी धरलेत. समजा 10 किलो कटला निघाला. धरणावर ठेकेदाराची गाडी उभी आहे आणि तो 100 रुपयांनी सगळा उचलतो. 1000 रुपये झाले, ते वहीत नवऱ्याच्या नावावर लागले, पंधरवड्यानं मिळाले, त्यातून घेतलेली उचल कापून. दुसरीकडं तोच मासा बायकोनं बाजारात सरासरी 150 नं विकला. 1500 आले, बर्फ, गाडीभाडं, जागेची पावती मिळून 200 गेले, 1300 उरले. ते त्याच संध्याकाळी तिच्या चंचीत, आणि घरी पोचायच्या आधीच त्यातून तेल, मीठ, वह्या, एखादी गोळी घेतलेली.

फरक 300 चा दिसतो. माझ्या मते खरा फरक पंधरवडा आणि संध्याकाळ यातला आहे. घर संध्याकाळच्या पैशावर चालतं. पंधरवड्याचा पैसा एकरकमी येतो आणि एकरकमी जातो, कुठं जातो ते प्रत्येक गल्लीला माहीत आहे.

म्हणून मोठ्या तलावाचा मासा घाऊक विकायचं ठरतं तेव्हा कागदावर कुणाचंच नुकसान होत नाही. मच्छीमाराला दर मिळाला, संस्थेची वसुली झाली, बोटुकलीचे पैसे फिटले. ठेकेदारच बोटुकलीला आगाऊ पैसे देतो, म्हणून संस्थाही बांधलेली असते, हेही समजून घ्यायला हवं. पण ज्या बाया त्या तलावाचा मासा पाटीत घालून दहा गावं फिरत होत्या, त्यांचा धंदा त्या दिवशी बसतो आणि त्याची नोंद नसते. त्या दुसऱ्या दिवसापासून उसाच्या भांगलणीला, म्हणजे तण काढायला जातात. जनगणनेवाला विचारतो तेव्हा 'शेतमजूर' सांगतात.

संस्थेत बाई सभासद होऊ शकते का?

कायद्यानं कुठलीच आडकाठी नाही. महाराष्ट्रात सहकारी संस्थेच्या समितीत महिलांसाठी 2 जागा राखीवही आहेत. अडतं ते 'क्रियाशील मच्छीमार' या शब्दावर. गावोगाव त्याचा अर्थ 'पाण्यात उतरणारा' असा घेतला जातो. जाळ्यातून मासा सोडवणारी, सांधणारी, विकणारी त्यात बसत नाही. मग दोन जागा भरायच्या म्हणून पदाधिकाऱ्यांच्याच घरातल्या दोन बायकांचे अर्ज होतात, ठरावावर सह्या घरी जाऊन घेतल्या जातात.

वडील वारले तेव्हा आई संस्थेत गेली. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. सचिवांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, 'वैनी, मुलगा असता तर लगेच नाव लावलं असतं.' भाग दाखला (शेअरचा कागद) ट्रंकेत होता, पण वडिलांनी नामनिर्देशन केलं नव्हतं. सव्वा वर्ष गेलं. तेवढा काळ ती दुसऱ्यांकडून मासा विकत घेऊन विकत होती, म्हणजे स्वतःच्या तलावाचा मासा व्यापाऱ्यासारखा.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकीला पहिलं हे सांगते : नवरा जिवंत असताना संस्थेत नामनिर्देशनाचा अर्ज द्यायला लावा आणि पोच घ्या. अपशकुन होतो म्हणतात. होऊ दे.

नदीत मासे मरतात तेव्हा काय होतं?

पंचगंगेत उन्हाळ्याकडं प्रवाह मंदावतो आणि शहरांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, कापड प्रक्रियेचं रंगीत पाणी यांचं प्रमाण वाढतं. पाण्यातला प्राणवायू उतरतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि मग बंधाऱ्याला पांढरा थर लागतो. वर केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, गालिचा असेल तर जाळंही टाकता येत नाही.

बातमीत त्या दिवशी मेलेल्या माशांचा फोटो येतो. पंचनामा होतो. बाजारात काय होतं ते येत नाही. पुढचे आठ-दहा दिवस प्रत्येक गिऱ्हाईक पाटीवर वाकून विचारतं, 'मासा कुठला?' आई म्हणायची, 'धरणाचा हाय बाई, राधानगरीचा.' ते खरं असलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही, कारण खोटं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं. पाटी भरलेली परत. नदी कुणी घाण केली याचं उत्तर, काही देणं नसताना, पाटीवाली बाई देत बसते.

पावसाळ्यात ही घरं कशावर जगतात?

नदी तांबडी झाली की जाळं वर. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे आमच्याकडं पाढ्यासारखे पाठ असतात. 2019 आणि 2021 ला पाणी 50 फुटांच्याही वर गेलं. तेव्हा काठाच्या घरांतली जाळी, ट्यूब, बर्फाच्या पेट्या गेल्या. जाळ्यांचा विषय निदान निघाला. आईचा डिजिटल काटा, विळी, पाट्या, उधारीची वही यांचं 'साधन' म्हणून कुणी नावही घेतलं नाही. उधारीची वही वाहून गेली म्हणजे भांडवल वाहून गेलं, पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्याच महिन्यांत श्रावण येतो आणि गिऱ्हाईकही थांबतं. मग सुकट, जवळा, सुके बोंबील. घाट उतरून कोकणातून आणायचे आणि आठवडी बाजारात मापानं विकायचे. हा धंदा पूर्ण बायकांचा. पाऊस असेल तर माल सादळतो, वास उठतो, एसटीत शेजारी कुणी बसत नाही.

बायकांसाठी योजना आहेत ना?

आहेत, आणि काही खरंच कामाच्या आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 पासून आहे. सर्वसाधारण गटाला 40 टक्के अनुदान, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. बर्फपेटीची मोटरसायकल, तीनचाकी, विक्री केंद्र अशा गोष्टी त्यात बसतात. गोम अशी की 60 टक्क्यांसाठी अर्ज बायकोच्या नावानं होतो, आणि गाडी नवरा चालवतो. मी भरलेल्या अर्जांतल्या किती गाड्यांच्या किल्ल्या बायकांच्या हातात आहेत ते सांगत नाही, लाज वाटते. पहिल्यांदा स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, तिथंच निम्म्या जणी गळतात.

त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे सामूहिक अपघात विमा. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, आणि हप्ता सरकार भरतं. त्यात मासेमारीला जोडून काम करणारेही येतात, फक्त जाळंवाला नाही. पाटीवालीचं नाव घालायला सांगा. शहरात बसणाऱ्यांनी पथविक्रेता प्रमाणपत्रासाठीही नोंद करावी. 2014 चा कायदा मासेवाल्या बाईलाही लागू आहे, उठवायला आलेल्याला दाखवायला कागद लागतो.

2025 च्या एप्रिलमध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. आता मला भीती एवढीच वाटते की शेतीत जसं सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बाई शेतकरी नाही, तसंच इथंही होईल. नक्कल करायला नमुना तयारच आहे.

हे फक्त आपल्याकडंच आहे का?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2023 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगभर लहान मासेमारीत गुंतलेल्या दर दहा माणसांत चार बायका आहेत, ते काम किनाऱ्यावरचं, घरचं धरूनच. न धरता मोजलं की त्या नाहीशा होतात. मुंबई-रत्नागिरीकडच्या कोळणीला निदान गाण्यात, सिनेमात जागा आहे. आमची भोयाची बाई तिथंही नाही.

पुढच्या पिढीच्या मुली यात राहतात का?

फारशा नाहीत. मीही राहिले नाही. मुलगेही इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, शिरोलीच्या एमआयडीसीत जातात. राहतात ते चाळिशीपुढचे नवरा-बायको. याबद्दल हळहळायला मला जमत नाही, पहाटे साडेतीनला उठून बघा.

ताजा मासा कसा ओळखायचा?

कल्ले लाल, डोळा फुगीर आणि पाणीदार, बोट दाबल्यावर खड्डा राहत नाही. बर्फातला असला तर वास कल्ल्याशी घ्या, पोटाशी नको.

हे सगळं आईला वाचून दाखवलं का?

दाखवलं. चष्मा लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'शिंगटीचा काटा लागला की हळदीआधी ऊन पाण्यात हात धरायचा, ते लिव्हलं न्हाईस.' मग सुपारी कातरत म्हणाली, 'आणि सव्वा वर्ष न्हाय, दीड वर्ष लागलं.'